आठ-चार-तीनचा त्रिकोण

घण्ण्ण करत डब्याचं झाकण ओट्यावरून निसटलं आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर गोल गोल फिरायला लागलं.

दुपारचे अडीच वाजले होते. घरात इतकी शांतता होती की त्या आवाजानं केतकी खुर्चीतच दचकली. कराडच्या त्या गल्लीतून आता रिक्षासुद्धा विजेवर, मांजराच्या पावलांनी जात. खिडकीतून आलेलं ऊन फरशीवर चौकोनी पसरलं होतं आणि झाकण त्या उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात गिरक्या घेत होतं. फिरता फिरता ते कलत गेलं. जसजसं कललं तसतसा त्याचा आवाज घाईचा होत गेला, बारीक होत गेला, आणि अगदी टिपेला पोचल्यावर एकाएकी थांबला.

केतकी वाट बघत राहिली.

दारात तिची लेक रेवती उभी होती. आठ वर्षांची, एक वेणी सुटलेली, छातीशी शाळेची डिजिटल पाटी धरलेली. सहा महिन्यांपूर्वीची रेवू असती तर आत्तापर्यंत फरशीवर पालथी पडली असती. झाकण थांबायला आलं की त्याचा आवाज पळायला का लागतो, असं काहीतरी विचारून तिनं केतकीची दुपार खाऊन टाकली असती. सावली ओली का होत नाही, उद्या कुठून निघतो, असले प्रश्न तिला भाताच्या घासागणिक पडायचे.

"पडलं," रेवू म्हणाली. आणि पाटीकडे बघत पुन्हा आतल्या खोलीत गेली.

केतकीनं झाकण उचलून डब्यावर घट्ट बसवलं. तिच्या मनात काहीतरी हललं, पण त्याला नाव देता येईना. शिवाय वेळ कमी होता. शुक्रवारी पाचपर्यंत शिफारशीचा फॉर्म पाठवायचा होता आणि आज बुधवार होता.

केतकी मोहिते शाळेच्या गणिताच्या पुस्तकांतल्या आकृत्या काढायची. वर्तुळं, त्रिकोण, जिना चढणाऱ्या माणसाची सावली, दीपस्तंभावरून दिसणारी होडी. गेली दहा वर्षं हेच. पुस्तकावर तिचं नाव कुठे नसे, पण राज्यातल्या कुठल्याही सातवीच्या मुलीनं भूमितीचं पान उघडलं की त्यावरची रेघ केतकीची असे. पुढच्या वर्षी सगळी पुस्तकं पाटीवर जाणार होती आणि सगळ्या आकृत्या एकाच सॉफ्टवेअरमध्ये काढायच्या, असं शालेय आकृती केंद्रानं ठरवलं होतं. कुठलं, ते केतकीनं सुचवायचं. तिन्ही सॉफ्टवेअर हाताखालून घातलेली ती एकटीच होती.

पहिलं सूत्रलेख. म्हातारं, खडूस. त्यात रेघ ओढता येत नाही, लिहावी लागते. बिंदू अ इथे, बिंदू ब त्याच्यापासून आठ सेंटिमीटरवर, आता दोघांना जोड. एक टिंब विसरलं की आख्खी आकृती रुसून बसणार. दुसरं रेखाघर. बोटानं ओढा, बोटानं सोडा. गोड स्वभावाचं, पण जरा घसरडं.

आणि तिसरं आकळ.

आकळची गोष्ट समजून घ्यायची तर आधी डोळ्याची समजून घ्यायला हवी. आपल्याला वाटतं, नजर चित्रावरून पाण्यासारखी वाहते. तसं नसतं. डोळा बेडकासारखा उड्या मारतो, सेकंदाला तीन, कधी चार. उडी मारतानाचं जग नुसतं पुसट, गिचमिड असतं, म्हणून मेंदू तेवढ्यापुरता पडदा टाकतो. म्हणजे दर सेकंदाला तीन-चारदा आपण सगळेच क्षणभर आंधळे होतो, आणि आपल्याला पत्ताही नसतो. आकळ या आंधळ्या फटीत काम करायचं. पाटीच्या कडेचा कॅमेरा मुलाची नजर बघे. कुठे रेंगाळते, कुठे परत परत येते, डोळ्याची बाहुली कुठे मोठी होते. मूल अडलंय हे मुलाआधी त्याला कळे. मग डोळ्यानं उडी मारली रे मारली की आकृती जराशी बदले. कोन थोडा उघडे, मदतीची रेघ उगवे, अवघड बाजू सोप्या बाजूशेजारी येऊन बसे. डोळा उतरेपर्यंत सगळं जागच्या जागी. मुलाला वाटे, हे असंच होतं. मलाच आत्ता कळलं.

चाचणीसाठी केंद्रानं अकरा हजार मुलं घेतली होती. रेवू त्यातली एक.

पहिल्या दिवशी केतकी तिच्या खांद्यामागे उभी राहिली होती. आकृती रेवूच्या नजरेबरोबर चालते, मागे उभ्या माणसाच्या नाही, म्हणून केतकीला रेघांची हालचाल दिसली होती. विहिरीच्या भिंतीवर पाण्याचा कवडसा थरथरावा तसं ते वर्तुळ थरथरत होतं. त्या निळसर हलत्या जाळ्यात रेवूचा चेहरा शांत, उजळ. अपूर्णांकावरून वही फेकणारी हीच का ती पोर? केतकीला भरून आलं होतं. ती पाय न वाजवता तिथून निघाली आणि स्वतःसाठी चहा केला. गरम प्यायली. आठ वर्षांत पहिल्यांदा.

त्यानंतर सहा महिने दुपारी दोन ते पाच हा वेळ तिचा झाला होता. ती कामं संपवे. कधी खिडकीत नुसती बसे. एकदा तर चक्क तासभर झोपली. नवरा कोयनेच्या वीजघरात, शनिवारी यायचा. तोही म्हणाला होता, "घर किती शांत झालंय गं."

शांत झालंय. हो. झाकण पडलं तरी शांतच राहिलं.

गुरुवारी दुपारी ती रेवूला घेऊन इंगवले बाईंकडे गेली. बाईंनी तिला सातवीत भूमिती शिकवली होती. दोरीला खडू बांधून फळ्यावर असं वर्तुळ काढायच्या की मुली टाळ्या वाजवायच्या. आता सत्तरी ओलांडली होती, पण आवाज फळ्याचाच.

"ये. चपला बाहेर. आणि ती पाटीपण बाहेर."

"बाई, ऊन लागेल तिला."

"मग? चपलांना काय गारवा लागतो?"

पाटी उंबऱ्याबाहेर राहिली. बाई जमिनीवर बसून शंकरपाळी कापत होत्या. लाटलेल्या पोळीवर कातणं चालत होतं आणि मागे तिरक्या नागमोडी रेघा उमटत होत्या. मग उलट बाजूनं तिरक्या. बघता बघता पोळीभर चौकोन.

"ए वेणीवाली. पोळी गोल, आणि शंकरपाळी सगळी अशी चौकोनी. मग कडेला जे तुकडे उरतात ते कसले?"

रेवूनं पोळीकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं.

"तिकडे काय आहे? इकडे बघ. काहीही सांग."

रेवूनं पुन्हा दाराकडे बघितलं.

"अगं चूक सांग की! चुकलीस तर काय तुला तेलात सोडणार आहे मी?"

"मला आधी बघायचंय," रेवू हळू म्हणाली.

"काय बघायचंय?"

"बरोबर काय आहे ते."

बाईंच्या हातातलं कातणं थांबलं. त्यांनी रेवूकडे नाही, केतकीकडे बघितलं. ती नजर केतकीनं सातवीनंतर पहिल्यांदाच झेलली आणि तिचे कान तापले.

"अंगणात जा, पेरू लागलाय," बाईंनी रेवूला पिटाळलं. मग म्हणाल्या, "या तुझ्या आकळमध्ये कच्ची आकृती कुठे काढतात?"

"त्यात कच्ची लागतच नाही, बाई. थेट पक्कीच येते."

"असं होय." बाई कडेचे तुकडे गोळा करून पुन्हा मळायला लागल्या. "पक्की येते, पण पोर कच्ची राहिली नाही का तुझी? माझा त्रिकोण घातलास का त्याला?"

"कुठला?"

"विसरलीस? तू विसरलीस?"

केतकी विसरली नव्हती. तो त्रिकोण कुणीच विसरत नसे. दरवर्षी एकदा बाई फळ्यावर लिहीत, बाजू आठ, चार आणि तीन सेंटिमीटर, त्रिकोण काढा. रिवाजाप्रमाणे साठ मुली आधी हातानं कच्ची आकृती काढत. कच्चीत काय, कुठल्याही त्रिकोणाला कुठलेही आकडे लिहिता येतात. मग पट्टी आणि कंपास. आठची रेघ. एका टोकाहून चारचा कंस, दुसऱ्या टोकाहून तीनचा. आणि दोन्ही कंस एकमेकांच्या समोर येऊन थांबत. मध्ये एक सेंटिमीटर रिकामं. चार आणि तीन सात. सात काही आठपर्यंत पोचत नाही. वर्गात खाडखाड खोडरबर चाले, कुजबुज चाले, कुणी रडे. तासाभरानं एखादी भीत भीत म्हणे, "बाई, हा होत नाही." मग बाई हसत.

त्या वर्षी मात्र केतकीनं कुणाचं लक्ष नाही असं बघून कंपासचे पाय हळूच फाकवले होते आणि कंस जुळवून टाकले होते. साठ मुलींत एकटीचा त्रिकोण! बाईंनी न बोलता त्यावर पट्टी ठेवली होती. एवढंच. ती पट्टी अजून केतकीच्या छातीवर होती.

"घालून बघ," बाई म्हणाल्या. "आणि तू मागे उभी राहा."

शुक्रवारी तीन वाजता केतकीनं आकळमध्ये ते उदाहरण भरलं. फॉर्मही भरून ठेवला होता. शिफारस: आकळ. नुसतं पाठवायचं राहिलं होतं. रेवू गादीवर मांडी घालून बसली, केतकी तिच्या खांद्यामागे.

आठची रेघ उमटली. रेवूनं बोटानं एक कंस ओढला, मग दुसरा. कंस समोरासमोर थांबले. रेवूची नजर त्या मोकळ्या जागेवर गेली, आकड्यांवर आली, पुन्हा मोकळ्या जागेवर. केतकी बघत होती. रेघा कवडशासारख्या थरथरल्या, आणि बाजूवरचा तीनचा आकडा, पाण्यात पडलेला खडा लहरीखाली हलावा तसा हलला आणि पाच झाला. उजवीकडचा कंस अलगद मोठा झाला. दोघे भेटले. त्रिकोण मिटला.

"झाला," रेवू म्हणाली.

"रेवू, ही बाजू केवढी आहे?"

"पाच."

"मघाशी केवढी होती?"

"पाचच."

"तीन नव्हती?"

रेवू खुदकन हसली. "आई, तुला चष्मा लागलाय."

केतकीनं पाटीची नोंदवही उघडली. बिघाड नव्हता. मूल अडू नये, असा नियम होता आणि तो पाळला गेला होता. *बाजू ३ ऐवजी ५. सुगम केले.* त्याच्यावर तशाच ओळी. आजच्या दुपारच्या, परवाच्या, त्याच्या आधीच्या. सुगम केले, सुगम केले. सहा महिने ती पाय न वाजवता तिथून निघून गेली होती, त्या प्रत्येक दुपारची एक एक ओळ.

तिला यंत्राचा राग येईना. बारा वर्षांच्या केतकीनं जे केलं होतं तेच त्यानं केलं होतं. कुणाचीतरी पट्टी चुकवली होती. फक्त केतकीला पाय फाकवल्याचं ठाऊक होतं, आणि रेवूला ठाऊकच नव्हतं.

तिनं कपाटातून स्वतःची जुनी पत्र्याची कंपासपेटी काढली आणि दोन कोरे कागद.

"आधी कच्ची आकृती. नुसत्या हातानं."

"वाकडी येईल."

"वाकडीच काढायची असते."

"मग काढायची कशाला?"

"कशी दिसेल याचा अंदाज घ्यायला. चुकली तरी चालते, म्हणून तर कच्ची."

रेवूनं पेन्सिल धरली आणि ती कागदापासून बोटभर वर तशीच ठेवली. एक मिनिट गेलं. दोन. आपली पोर एका रेघेला एवढी घाबरली होती. मग केतकीनंच आपल्या कागदावर एक गलेलठ्ठ, वेडावाकडा त्रिकोण काढला.

"ई! हा तर समोसा," रेवू म्हणाली. आणि पेन्सिल टेकली.

रेवूचा त्रिकोण छोटा आणि जरा आडवा पसरलेला होता. तिनं त्याच्या बाजूंवर नीट लिहिलं. आठ, चार, तीन.

"आता पक्की."

कंपास गंजका होता, फिरताना करकरला. आठची रेघ, चारचा कंस, तीनचा कंस. कागद हलला नाही, थरथरला नाही. फट तशीच राहिली.

"कंपास बिघडलाय तुझा."

"पुन्हा काढ."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा रेवूनं कंपास ठेवला, आणि केतकीनं बघितलं, तिचं बोट हळूच कंपासच्या पायावर सरकलं. हळूच. अगदी तसंच. केतकीला वाटलं, तोंड फिरवावं. जुळू द्यावं. काय बिघडणार आहे?

तिनं तोंड फिरवलं नाही. नुसती पट्टी उचलली आणि कागदाशेजारी ठेवली.

रेवूनं पट्टीकडे बघितलं. मग तिचं तिनंच बोट मागे घेतलं, आणि भोकाड पसरलं.

"मला नाही येत! पाटी दे! पाटीत आला होता!"

पाटी टेबलावर होती, हाताच्या अंतरावर. दिली की घर गप्प होणार होतं. साडेचार वाजले होते, फॉर्म समोर उघडा होता. केतकीनं पाटी उचलली. रेवूचे दोन्ही हात पुढे आले. ते छोटे, पेन्सिलीनं काळे झालेले तळवे बघून ती थांबली.

"रेवू, मी पण पाय फाकवले होते."

रडणं अर्ध्यावर अडकलं. "तू?"

"सातवीत. याच त्रिकोणासाठी. याच कंपासनं."

"मग?"

"इंगवले बाईंनी पकडलं."

"मारलं?"

"पट्टी ठेवली. त्या कागदावर."

रेवूनं नाक पुसलं आणि थोडा वेळ त्या गंजक्या कंपासकडे बघितलं, जणू त्यालाच काही विचारणार होती. "संगमावर तर दोन्ही नद्या समोरून येतात आणि भेटतात," ती पुटपुटली. "कृष्णा इकडून, कोयना तिकडून. मग हे का नाही भेटत?"

"मोजून बघ ना."

केतकी टेबलाशी आली. पाटी तिनं कपाटात, धुतलेल्या पडद्यांच्या मागे ठेवली. मग फॉर्मवरचं आकळ पुसलं आणि तिथे लिहिलं: सूत्रलेख. ज्याची एक एक रेघ लिहावी लागते, जे टिंब विसरलं की रुसून बसतं, आणि आठ-चार-तीन दिले तर आठ-चार-तीनच काढतं. उद्यापासून तिचं काम तिप्पट होणार होतं, आणि दुपारही तिची राहणार नव्हती. तिनं एकदा खिडकीतल्या आपल्या रिकाम्या खुर्चीकडे बघून घेतलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: *आकळमध्ये मूल अडत नाही.* खाली आणखी एक ओळ जोडली: *प्रत्येक रचनेआधी अर्धं पान कोरं सोडावं. कच्च्या आकृतीसाठी.*

पाठवलं. पाच मिनिटांत केंद्रातल्या सुधन्वाचा फोन.

"केतकीताई, तुमची काहीतरी गडबड झालीय. कारणाच्या रकान्यात तुम्ही आकळचा गुण लिहिलाय."

"गुण नाही, कारणच आहे ते."

"अहो, अकरा हजार मुलं, एक अडलं नाही!"

"माझी एक अडलीय आत्ता," केतकी म्हणाली. "ठेवू का? तिच्याकडे बघायचंय."

"पण ताई, वर मी काय सांगू?"

"आठ-चार-तीनचा त्रिकोण घालायला सांग. आणि मागे उभं राहायला."

मागे टक् करून कंपासपेटीचं झाकण मिटलं.

फरशीवर उन्हाचा चौकोन आता लांबट, तिरका झाला होता. रेवू त्यात पालथी पडली होती, पाय वर, दोन्ही कागद समोर. एकावर फट राहिलेले दोन कंस, खाली तिच्या अक्षरात ४ + ३ = ७. दुसऱ्यावर तिचा तो आडवा, छोटा त्रिकोण. ती एकदा याच्याकडे बघत होती, एकदा त्याच्याकडे.

"आई."

"हं."

"हा होतच नाही ना?"

"नाही होत."

"मोठ्या कागदावर पण नाही? बाईंच्या फळ्यावर?"

"कुठेच नाही. कधीच नाही."

रेवूनं कच्ची आकृती उचलून उन्हात धरली. ऊन कागदातून आरपार आलं, आणि तिन्ही बाजूंनी नीट मिटलेला तो आठ-चार-तीनचा त्रिकोण तिच्या गालावर हलकासा उमटला.

"मग हा कोण आहे?"